एरियर्समधून भारी शाईपेन घेतलं, आता हातात धरायची भीती वाटते. तुमचा अनुभव काय?

शिरोरेखा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी इंदूरला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. दोन महिन्यांपूर्वी एरियर्सचे पैसे आले, घरात चेन करायची की वॉशिंग मशीन बदलायचं यावर चर्चा चालू होती आणि मी त्यातले तीस हजारांच्या आसपास बाजूला काढून पायलट या जपानी कंपनीचं कस्टम ८२३ मागवलं. मधाच्या रंगाचं पारदर्शक, आतली शाई हलताना दिसते, एफ म्हणजे बारीक निब. सातवीत असल्यापासून मनात होतं की एक दिवस खूप चांगलं शाईपेन घ्यायचं, तर घेतलं.

आता अडचण अशी की ते कपाटातच असतं. कॉलेजला न्यायचं तर पडेल, कोणी मागेल, चोरीला जाईल. घरी रात्री काढते, दोन ओळी लिहिते, पुसून ठेवते. आणि दुसरं म्हणजे पाऊण पान लिहिलं की अक्षर फिकट होत जातं आणि पेन चक्क बंद पडतं. टाकीत शाई आहे, डोळ्यांना दिसतेय! परत शाई भरली की पुन्हा तेवढंच पाऊण पान. मला तर रडूच आलं होतं. सासूबाईंनी विचारलं, निब सोन्याची आहे म्हणतेस तर किती ग्रॅम? मला उत्तर देता आलं नाही.

तुम्ही भारी पेन रोज वापरता का? त्यातलं सुख किती आणि ताप किती, खरं खरं सांगा.

मालव्याचा_मुलगा
ताई आधी फोटो टाका!! बाकीचं नंतर.

कारकून८५
निब धुवून घ्या. कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. माझं असंच बंद पडायचं, धुतल्यावर सुरू झालं.

बोरूबहाद्दर
शिरोरेखाताई, नाव फार छान घेतलंय. सासूबाईंना सांगा की निबवर १४ के आणि ५८५ असं कोरलेलं असेल, म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं. पण सराफ्यात घेऊन गेलात तर पेनाच्या किमतीच्या जवळपासही काही हाती लागायचं नाही, निब असते कितीशी. सोनं दागिन्यासाठी नसतंच ते. पूर्वीच्या शाया आम्लधर्मी असायच्या, हिरडा-मायफळाच्या कषायात लोखंडाचा क्षार घालून केलेल्या, त्या साध्या पोलादाला खायच्या, सोन्याला खाऊ शकायच्या नाहीत. म्हणून सोनं. आणि कागदाला जो टेकतो तो ठिपका सोन्याचा नसतोच, सोनं फार मऊ, वर्षभरात झिजून जाईल. टोकाला इरिडियम, ऑस्मियम अशा जातीच्या कठीण धातूंचा मणी जोडलेला असतो. हात वळण घेतो ते त्या मण्यावर.

डावखुरा
आम्हा डावखुऱ्यांचं कोणी विचारू नका. लिहिलेल्या ओळीवरूनच हात जातो, संध्याकाळपर्यंत करंगळीची कड निळी. तरी शाईपेनच वापरतो.

मालव्याचा_मुलगा
मला एक समजत नाही, रागावू नका. माझ्याकडे सातशे रुपयांचं भारतीय पेन आहे, निब कानपूरची, पोलादी, आणि ते लोण्यासारखं चालतं. मग तीस हजार कशाचे? मी काका लोकांना विचारतोय, ताईंना नाही, ताईंनी घेतलं ते छानच केलं.

बोरूबहाद्दर
प्रश्न बरोबर आहे. गुळगुळीतपणासाठी सोनं लागत नाही, चांगली घासलेली पोलादी निब तितकीच गुळगुळीत चालते. फरक असतो तो किंचित लवण्यात. जरासा भार दिला की निब नमते आणि परत येते, लिहिणाऱ्याला ते हाताला कळतं, बघणाऱ्याला दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे टोपण, आटे, तोल, शाई किती सुटायची याचा हिशोब, हे सगळं दहा-वीस वर्षं तसंच राहतं. मी १९९१ साली घेतलेलं पेलिकन अजून वापरतोय, शाई ओढणारा पिस्टन एकदाही उघडावा लागला नाही. त्या काळी माझा एक पगार गेला होता आणि बायको आठ दिवस बोलत नव्हती.

रंगपंचमी
बोरूकाका, आठ दिवस शांतता मिळाली म्हणजे पेन फुकटच पडलं की!

बोरूबहाद्दर
अहो नवव्या दिवशी तिनेच त्याने भिशीचा हिशोब लिहिला.

वाचनवेडी_बडोदे
मी बडोद्याहून. पेन चोरीला जाण्याचा ताप खरा आहे. माझ्या नवऱ्याचं एक जुनं पार्कर ५१ होतं, त्याच्या वडिलांकडून आलेलं. एका कार्यालयात सही करायला म्हणून टेबलावर ठेवलं, समोरच्या माणसाने 'जरा देता' म्हणून घेतलं, मग फॉर्मच्या तीन प्रती, मध्ये कार्बन, आणि त्याने असं दाबलं की निबचे दोन्ही पाय फाकले. पार्कर ५१ ची निब झाकलेली असते, नुसतं टोक बाहेर दिसतं, म्हणून त्याला वाटलं बॉलपेन आहे. आमचे हे घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून खिशात दोन पेनं, एक आपलं आणि एक जगाचं. दुसऱ्याच्या हातात आपलं शाईपेन द्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि मला तो अगदी पटतो. कद्रूपणा नाही तो.

कारकून८५
कार्बनवर शाईपेन चालतच नाही. आमच्या काळी बँकेत बॉलपेनला आधी नाक मुरडायचे, सही शाईचीच हवी म्हणायचे, मग पावत्यांच्या प्रती आल्या आणि सगळं उलटं झालं. पण ती हीरोची पेनं आठवतात का? चिनी, सोनेरी टोपणाची, निब झाकलेली. वरच्या ताई म्हणतात त्या पार्कर ५१ चाच अवतार होता तो. दहावी पास झालं की मामा हीरो द्यायचा.

टॉवरचौक
मी थोडा वेगळा सूर लावतो. भारी पेन ही पुष्कळदा दाखवायची वस्तू असते. माझ्या धंद्यातले लोक मोंब्लां लावतात खिशाला, पांढरा तारा बाहेर दिसेल असं, आणि लिहितात मोबाईलवर. मला एक गोष्ट कायम खटकते. २००९ मध्ये त्या कंपनीने गांधीजींच्या नावाने पेन काढलं होतं, दांडीयात्रेच्या २४१ मैलांचे म्हणून २४१ नग, एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर. केरळच्या हायकोर्टात प्रकरण गेलं होतं. ज्या माणसाने पेन्सिलीचा तुकडाही टाकून दिला नाही त्याच्या नावाने सोन्याचं पेन, हे मला आजही सहन होत नाही.

शिरोरेखा
टॉवरचौक, मला तुमचं म्हणणं लागलं, पण पटलंही. मी दाखवायला नाही घेतलं हो, मी तर लपवूनच ठेवलंय.

टॉवरचौक
ताई तुमच्याबद्दल नव्हतंच ते. तुम्ही लिहिण्यासाठी घेतलंय हे पहिल्या पोस्टमध्येच कळतंय. माझा राग खिशाला लावून मिरवणाऱ्यांवर आहे.

बोरूबहाद्दर
गांधीजींचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगतो. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम म्हणून कारागीर होते, त्यांनी संपूर्ण देशी पेन बनवायचं मनावर घेतलं आणि एक पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींना पाठवलं. १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींचं उत्तर आलं की मी हे वापरून पाहिलं, बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो. एबोनाइटची पेनं ती, म्हणजे रबरात गंधक घालून शिजवून कडक केलेलं. हाताला उबदार लागतं, प्लास्टिकसारखं थंड नाही. उन्हात ठेवलं तर मात्र काळ्याचं हिरवट-तपकिरी होतं. आणि शाईचं म्हणाल तर कॅमलची शाई मूळ आपल्या दांडेकरांची, १९३१ साली गिरगावात शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केलेली. तीस हजारांच्या पेनात कॅमलची निळी भरायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही, उलट ती सुटसुटीत वाहते आणि धुतली की निघून जाते.

मालव्याचा_मुलगा
काका मी माझ्या पेनात चमकी असलेली शाई भरली होती. सोनेरी कण असतात तिच्यात. दोन आठवड्यांत फीड, म्हणजे निबखालची शाईची वाट, तुंबलं.

बोरूबहाद्दर
अरे ती काचेच्या लेखणीने लिहायची, बुडवून. आणि चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई तर चुकूनही नाही, तिच्यात लाख असते, ती आत वाळली की पेन गेलं.

रंगपंचमी
गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्यापाशी पेन खिशात ठेवून गेलो होतो, घरी आल्यावर शर्टावर नेमका पेनाचा डाग कुठला आणि गुलालाचा कुठला हे आईलाही सांगता आलं नाही. त्या वर्षी पहिल्यांदा पेनासाठी ओरडा खाल्ला नाही 😄

वऱ्हांडा
इंदूरवाल्यांसाठी एक अनुभवाची गोष्ट. पेन बोरिंगच्या पाण्याने धुऊ नका. आमच्या भागात नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी बोरिंग. मी वर्षभर बोरिंगनेच धुवत होतो आणि शाई सुटेना. बादलीवर, नळावर जो पांढरा थर बसतो ना, तोच क्षार फीडच्या बारीक खाचांत बसतो, आणि शाई त्या खाचांतूनच येते. खाली शाई जाते आणि तेवढीच हवा वर चढते, एक जरी वाट बुजली तरी दुसरी थांबते. आता नर्मदेचं पाणी किंवा पिण्याचं आरओचं, आणि शेवटी टीपकागदावर निब उभी टेकवून ठेवायची, उरलेलं पाणी तो ओढून घेतो. गरम पाणी मात्र नको, कारकूनसाहेब कोमट म्हणाले तेवढंच बस.

आणि मे महिन्यात गाडीत पेन विसरू नका. बेचाळीस डिग्रीत गाडीच्या डॅशबोर्डवर काय होतं ते मी पाहिलंय, टोपण काढलं तर अर्धी शाई टोपणात.

डावखुरा
उन्हाळ्यात वाळण्यावर उपाय म्हणजे प्लॅटिनम ३७७६. त्याच्या टोपणात आत आणखी एक स्प्रिंगवालं टोपण असतं, ते निबला हवाबंद करतं. मी एप्रिलमध्ये ठेवलेलं, दिवाळीच्या साफसफाईत सापडलं, पहिल्या रेघेला चालू. ३७७६ म्हणजे फुजी पर्वताची उंची मीटरमध्ये. मोंब्लांच्या निबवर ४८१० असतं, तीही पर्वताचीच उंची.

रंगपंचमी
मग आपल्या जानापाव डोंगराच्या नावाचं एक पेन निघायला हवं, महूमध्येच कारखाना टाकू.

वाचनवेडी_बडोदे
काढा काढा, मी पहिली गिऱ्हाईक. निब मात्र बारीक ठेवा.

निबवरून आठवलं. शिरोरेखाताईंनी एफ घेतली ते फार बरं केलं. मी इंग्रजी व्हिडिओ बघून बी म्हणजे जाड निब मागवली होती आणि मराठी लिहायला बसले तर 'क्ष', 'ष्ठ', 'ळ', 'ख' सगळ्यांची पोटं भरून गेली, नुसते निळे गोळे. आपल्या अक्षरात घरं लहान आणि वर मात्रा, अनुस्वार, रफार. त्यात जपानी एफ युरोपियन एफपेक्षा बारीक असते, त्यामुळे मराठीसाठी तीच योग्य, असं माझं ठाम मत आहे. बी आता फक्त पाकिटावर पत्ता लिहायला.

बोरूबहाद्दर
ताई शंभर टक्के. मात्र मोठं लिहायचं असेल तर चपटं टोक हवं, बोरूसारखं तिरकं छाटलेलं, मग आडवी-उभी रेघ जाड आणि वळणात निमुळती, देवनागरीचं खरं रूप तेव्हा दिसतं. मी लहानपणी आजोबांकडून बोरू छाटायला शिकलो. त्यांच्या वडिलांची होळकर दरबारात मोडी लिहिण्यात हयात गेली. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात न उचलता. आपण उलटं करतो, शब्द लिहितो आणि मग वर रेघ. त्यामुळे शाईपेनाने मराठी लिहिताना एक छोटासा थांबा मिळतो, शब्द संपला की हात मागे जाऊन छप्पर घालतो. बॉलपेनने मी ही रेघ खाऊन टाकतो, शाईपेनने नाही खात. का ते माहीत नाही पण नाही खात.

शिरोरेखा
काका, हे वाचून मी आत्ता उठून दोन ओळी लिहिल्या. मीही रेघ देते शाईपेनाने! बॉलपेनने वर्गात फळ्याची टिपणं काढते तेव्हा माझी अक्षरं सगळी टकली असतात.

कारकून८५
मोडीचे वर्ग भरतात का आता कुठे इंदूरला? माझ्या घरी एक दप्तर आहे जुनं.

बोरूबहाद्दर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोलू.

टीपकागद
उशिरा आले, पण सगळा धागा वाचला आणि मला कळत नाहीये की पोहे-जिलबी सोडून सगळं झालं पण ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच कसं दिलं नाही!

ताई, तुमच्या पेनात काही बिघाड नाही. काही काही नाही. धुऊ नका, परत पाठवू नका.

कस्टम ८२३ च्या शेपटीला जो फिरवायचा खटका आहे ना, शाई भरताना जो उघडून दांडा वर ओढता, तो पूर्ण घट्ट बंद केला की आतल्या दांड्याचं टोक टाकीचं तोंड बंद करतं. म्हणजे टाकी वेगळी आणि निब वेगळी. मग फीडमध्ये जेवढी शाई मुरलेली असते तेवढ्यावरच पेन चालतं, पाऊण पान, फार तर पान, आणि कोरडं. हे मुद्दाम केलेलं आहे, विमानात हवेचा दाब बदलला की टाकीतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते, ते होऊ नये म्हणून. जास्त लिहायला बसताना तो खटका दोन-तीन मिलिमीटर सैल करून ठेवायचा, बस. लिहून झालं, पर्समध्ये टाकायचं, तेव्हा घट्ट. मी स्वतः हे कळेपर्यंत पंधरा दिवस तळमळत होते, म्हणून तुमचं रडू मला कळलं.

आणि तुम्ही फिजिक्सच्या, तुम्हाला शाई भरण्याची गंमत तर सांगायलाच नको. दांडा वर ओढायचा, निब दौतीत बुडवायची, दांडा एका दमात खाली दाबायचा. मागे पोकळी तयार होत जाते आणि अगदी तळाशी टाकी रुंद होते तिथे दांड्याची गोल चकती सुटते, की फस्सकन शाई वर. दोन मिलीच्या आसपास मावते, साध्या पेनातल्या कन्व्हर्टरपेक्षा, म्हणजे शाई भरायच्या सुट्या नळीपेक्षा, कितीतरी जास्त. वर्गात निर्वात पोकळी शिकवायला याहून सुंदर वस्तू मला माहीत नाही. न्या की कॉलेजात!

मालव्याचा_मुलगा
टीपकागदताई 🙏🙏 आम्ही तिकडे गांधीजी ते जानापाव फिरून आलो आणि उत्तर शेपटीला होतं.

कारकून८५
माझा धुवायचा सल्ला मागे घेतो.

वऱ्हांडा
धुवायचं झालंच तर बोरिंगने नाही, एवढं राहू द्या.

शिरोरेखा
काय सांगू तुम्हाला. खटका सैल केला, टेबलावर बसले आणि सलग साडेचार पानं लिहिली. काय लिहिलं विचाराल तर पुढच्या सेमिस्टरची ऑप्टिक्सची टिपणं, आणि ती मी मराठीत लिहिली, जी मी कधीच मराठीत लिहीत नाही. 'अपवर्तनांक' लिहून वर रेघ ओढताना इतकं बरं वाटलं की मी तो शब्द उगीच दोनदा लिहिला. टीपकागद, तुम्हाला मनापासून धन्यवाद, पेन परत पाठवायचं पाकीटसुद्धा तयार करून ठेवलं होतं मी.

वाचनवेडी_बडोदे
वा वा वा! आता कपाटातून कायमचं बाहेर.

शिरोरेखा
आठवड्याने परत लिहितेय. मंगळवारी पेन कॉलेजला नेलं. वर्गात वीस-बावीस मुलं टेबलाभोवती गोळा झाली, पाणी भरून फस्स करून दाखवलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात कधी बोलला नाही, तो म्हणाला, मॅम, दांडा अर्ध्यात थांबवला तर पाणी का नाही चढत? मग पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. ऑफिसमध्ये रजिस्टरवर सही करताना एकाने मागितलं, मी बडोद्याच्या ताईंचा नियम पाळून दुसरं पेन दिलं. आधी जीभ जड झाली पण दिलं.

तोटेही लिहिते, कारण विचारलं मीच होतं. कॉलेजच्या उत्तरपत्रिकांच्या कागदावर शाई फुटते, मागच्या पानावर उमटते, तिथे हे पेन कामाचं नाही. पारदर्शक टाकीच्या तळाला निळी झाक राहायला लागलीय, ती डोळ्याला खुपते. आणि पर्स खाली ठेवताना मी आता प्रत्येक वेळी एक क्षण थांबते, ती काळजी गेली नाही आणि जाईलसं वाटत नाही.

नियम मात्र घरात मोडला. काल सासूबाईंना वाणसामानाची यादी करायची होती, मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी टाक-दौतीने शाळा केलेली, मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी हलक्या हाताने लिहितात. तूरडाळीपासून हिंगापर्यंत अख्खी यादी एकदाही न अडता झाली.

बोरूबहाद्दर
टाकावर हात बसलेला माणूस निब कधीच दाबत नाही. त्यांच्या हाती बिनधास्त द्या. आणि ग्रॅमचं काय झालं?

शिरोरेखा
परत विचारलंच नाही त्यांनी. यादी झाल्यावर एवढंच म्हणाल्या, यात लाल शाई चालेल का, पोथीला खुणा करायच्यात.

टीपकागद
चालेल की, पण निळी पूर्ण धुऊन मगच लाल, नाहीतर जांभळ्या खुणा होतील. ८२३ ची टाकी धुवायला वेळ लागतो, चार-पाच वेळा नुसतं पाणी भरून सोडा.

मालव्याचा_मुलगा
लाल कॅमल खजुरी बाजारात मिळते, मी शनिवारी तिकडे जाणार आहे, ताई तुमच्यासाठी एक बाटली आणू का? फोटो अजून टाकला नाहीत बरं का तुम्ही.